कॅम्पिंग ट्रेलर: पावसाआधी काय तपासायचं, आत काय बसवायचं? (कोल्हापूर)

नवखा_०९
एका ॲक्सलचा वापरलेला कॅम्पिंग ट्रेलर घेतलाय. आरटीओ नोंदणी झालेली आहे, पाटीवर एकूण वजन ७५० किलो, रिकामा ५२० किलो. चासी लोखंडी, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय. आंबा घाट, गगनबावडा, राधानगरी, दिवाळीनंतर तिलारी असा बेत आहे.
बसवायची यादी: १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, २०० वॅटचं सोलर, १२ व्होल्टचा फ्रीज, ६० लिटरची पाण्याची टाकी, गॅस, साईडला ओढायची ताडपत्री आणि जमलं तर एसी. पावसाला महिना आहे. सुरुवात कुठून करू?

वजनकाटा
यादी बाजूला ठेवा आणि आधी बेरीज करा.
रिकामा ट्रेलर ५२०. पाणी ६०. ताडपत्री आणि तिचा रूळ १८. फ्रीज सामानासकट २५. ५ किलोची भरलेली गॅसटाकी साधारण १३. स्टेपनी आणि जॅक २०. गाद्या, भांडी, खुर्च्या ४०. झाले ६९६. त्यावर ॲसिडसकट ट्युब्युलर ५५ किलोची. एकूण ७५१. म्हणजे कपड्यांची एक पिशवी ठेवायच्या आधीच पाटी ओलांडली, एसीचं तर नावच नको. तीच बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट घेतली तर १३ किलोत काम होतं आणि बेरीज ७०९ वर येते.
७५० ही मर्यादा गंमत म्हणून नसते. आपल्याकडे ट्रेलरचा टी-१ वर्ग तिथे संपतो, त्यावर टी-२ सुरू होतो. आणि ॲक्सल, पाटे, टायर हे सगळं त्याच आकड्यावर बेतलेलं असतं.
शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या काट्यावर दोन वजनं घ्या: एकदा सुटा ट्रेलर आणि एकदा गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या ओढायच्या दांड्यावरून गाडीवर येणारं वजन. मोठ्या काट्याचा टप्पाच १० किलोचा असतो, म्हणून नेमका आकडा घरीच काढा. ट्रेलर सपाट जागी, चाकांना उटी (गडगडू नये म्हणून लावायची पाचर), आणि जोडणीच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून बाथरूमचा वजनकाटा. दांड्याची उंची गाडीच्या हुकाएवढीच हवी, नाहीतर आकडा खोटा येतो.
तुमच्या ट्रेलरला ५५ ते ७५ किलोच्या मध्ये यायला हवं. गाडीच्या हँडबुकात त्याहून कमी मर्यादा असेल तर तीच धरा.

नवखा_०९
दांड्यावर वजन जितकं कमी तितकं गाडीला बरं ना? टाकी मागे बसवली की पुढचा भार आपोआप कमी होईल असं वाटलं होतं.

वजनकाटा
नेमकं उलटं. मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढला की शेपटी हलवायला लागतो. हायवेवर मोठी बस शेजारून गेली, हवेचा धक्का बसला की सुरू होतं आणि प्रत्येक झोक्याला वाढत जातं. जड सामान ॲक्सलवर किंवा त्याच्या किंचित पुढे, जमिनीलगत. पाण्याची टाकी बरोब्बर ॲक्सलवर ठेवली की भरली काय, रिकामी झाली काय, दांड्यावरचं वजन फारसं बदलत नाही. अर्धी टाकी घेऊन निघू नका, पाणी आत हिंदकळतं. एकतर पूर्ण भरा नाहीतर मुक्कामाच्या गावात भरा.
हलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. कचकन ब्रेक मारायचा नाही आणि उलटं वळवून सावरायलाही जायचं नाही.

छन्नी_हातोडा
काटा झाला की चाकं काढा. वापरलेला ट्रेलर घेतला आणि हब (चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग) उघडून बघितलं नाही असं करू नगा भावा.
हँडब्रेक असेल तर सोडून, दुसऱ्या चाकाला उटी लावून एक बाजू उचला. कोपऱ्यातल्या पायांवर ट्रेलर उचलायचा न्हाई, ते फक्त टेकायला असतात, वाकतात. धूळटोपी काढा, कॉटर पिन, कॅसल नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग, मग हब ओढून घ्या. आतलं बेअरिंग ऑइल सीलसकट येतं. सगळं रॉकेल नाहीतर डिझेलनं धुवा आणि फडक्यानं पुसून वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवून वाळवतात ते चुकीचं, रोलर सुटून डोळ्यात जातो.
रोलरवर निळसर झाक म्हणजे तापलेलं. खड्डे, खवले असतील तर बेअरिंग आणि कप (रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची कडी) दोन्ही बदला, एकटं बेअरिंग नवं घालून चालत न्हाई. ग्रीस पांढरं, ताकासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय.
ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं. जुन्यावर नवं थापू नका, दोन वेगळ्या जातीची ग्रीसं मिसळली की पातळ होऊन गळतात. तळहातावर गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, वरच्या बारीक बाजूनं ग्रीस बाहेर यायला पाहिजे. हबच्या पोकळीत तिसरा हिस्साच भरा, गच्च भरलं की तापून सील फोडतं. सील दरवेळी नवं.
आता नट. चाक फिरवत फिरवत आवळा, जड फिरायला लागलं की थांबा, पूर्ण सैल करा, मग नुसत्या बोटांनी टेकवा. पिनचं भोक जुळत नसेल तर सैलाच्या बाजूला जुळवा, आवळायच्या बाजूला कधीच न्हाई. पिन नवी. चाक धरून हलवलं तर किंचित, जाणवेल न जाणवेल इतका खेळ पाहिजे.
२० किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर नट आवळ झालाय किंवा ब्रेक घासतोय. वर्षातून एकदा हे करायचंच, चालला असो वा नसो.
हब बदलायची वेळ आली तर उद्यमनगरात ३०२०५ आणि ३०२०६ या मापात करून घ्या. २५ आणि ३० मिलिमीटरची टेपर बेअरिंगं हायत, गारगोटीत, राधानगरीत ट्रॅक्टरच्या दुकानात पण मिळतात. बाहेरच्या मापाचं बेअरिंग फुटलं तर रविवारी दाजीपुरात काय करणार?

तिकटी
+१. एक भर घालतो. तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना ट्रेलर घालायचा नाहीच, पण कोरड्यात ओढा ओलांडायचा झाला तरी आधी पंधरा-वीस मिनिटं थांबून हब निवू द्या.
टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजून बाद होत नाहीत, उभे राहून वाळतात. नक्षी कोरी दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर घाटात नेऊ नका. हवा थंड टायरमध्ये भरा. चाकाचे नट ५०-६० किलोमीटरवर पुन्हा आवळा, नव्या बैठकीवर ते सैल होतात.

नवखा_०९
मनःपूर्वक आभार. अजून एक: आधीच्या मालकाची जोडणी गोळ्याची आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतोय, गोळा काढू आणि ट्रॉलीसारखा पिन-हुक मारू, पन्नास टन ऊस ओढतो, तुमचा डबा काय?

छन्नी_हातोडा
नको रं बाबा. ऊसाच्या ट्रॉलीचा हुक ट्रॅक्टरच्या वेगासाठी हाय. पिन आणि कडीत बोटभर फट असती, ८० च्या वेगात प्रत्येक ब्रेकला दणका बसतोय. काही महिन्यांत दांड्याच्या वेल्डिंगला तडा जातो. गोळाच ठेवा.
गोळ्याचं माप मात्र बघा. आपल्याकडं ५० मिलिमीटरचा चालतो, अमेरिकी जोडणी दोन इंची म्हणजे ५०.८ ची. पावणेएक मिलिमीटर दिसत न्हाई, पण अमेरिकी जोडणी ५० च्या गोळ्यावर खड्ड्यात निसटू शकती. जोडल्यावर दांड्याचा जॅक खाली फिरवून गाडीची मागची बाजू थोडी उचलायचा प्रयत्न करा. सुटली न्हाई तर बसली. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखाली फुलीत बांधा, म्हणजे जोडणी सुटली तर दांडा रस्त्यात रुतायच्या आधी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

तिकटी
आणि 'मारू' म्हणून मारता येत नाही. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, आणि कलम ५२ प्रमाणे नोंदीत असलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही. गाडीला हुक लावतानाही उत्पादकाने किती वजन ओढायला परवानगी दिलीय ते हँडबुकात बघा. काही गाड्यांना ओढायची परवानगीच नसते. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, पोरं कितीही हट्ट करोत.

सह्यवेडी
हब, हुक झालं, आता पाणी. गगनबावड्याच्या पावसात ट्रेलर चाकांमुळे नाही मरत, प्लाय कुजून मरतो. आणि तो आतून कुजतो, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.
नवखा, एक रविवार ठेवा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करा आणि पाच-पाच मिनिटं एकेक सांधा करत वर जा. वरून सुरू केलं तर पाणी कुठून आत आलं ते समजणार नाही. संशयाच्या जागा ठरलेल्या: खिडकीची वरची कड, छताच्या झरोक्याचे चार कोपरे, मागच्या दिव्यांची भोकं, ताडपत्रीच्या रुळाचे स्क्रू. आत प्लाय अंगठ्याने दाबून बघा, दबला किंवा काळा पडला असेल तर तेवढा भाग कापून काढा. नवा घालताना आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. वॉटरप्रूफ म्हणून दुकानदार ३०३ चा देतो, तो वेगळा. आणि कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजा, प्लाय पाणी कडेतून पितो.

नवखा_०९
सांध्यांवर आधीच्याने सिलिकॉन थापलेलं आहे. त्यावरच अजून एक थर दिला तर?

सह्यवेडी
तोच तर घोळ आहे. सिलिकॉनवर काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. प्लास्टिकच्या पट्टीने सगळं खरवडून काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नंतर फ्रेम उचलून खाली बुटाइल टेप, २० मिलिमीटर रुंद, ३ जाड. स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, टेप बाजूने बाहेर येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा आणि मग बाहेर आलेली टेप कापा. कडेने वरून एमएस पॉलिमर सीलंटची रेघ.
पॉलियुरेथेनही चालतं, पण उन्हात खडूसारखं होतं, आणि ॲक्रिलिकच्या खिडक्यांना लावू नका, काच तडकते.
पत्रा ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू लोखंडी असेल तर भोकाभोवती पांढरी पावडर धरते. स्टेनलेसचा स्क्रू, खाली नायलॉनचा वॉशर.

छन्नी_हातोडा
ताई, चासीचं पण सांगा की. लोखंडी चौकोनी पाइप आतून गंजतो, बाहेरनं रंग झ्याक असतोय. पाइपच्या टोकांना झाकण ठोकून सील केलं तर खाली ६ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा, आतलं पाणी निघायला. बाहेरनं गंज घासून झिंकचा प्रायमर, मग इपॉक्सी. नुसता लाल ऑक्साइड एका पावसात सोडतो.

बारा_व्होल्ट
विजेचं लिहितो. मोठं होईल.
रोजचा खर्च आधी. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज मे महिन्यात साधारण ४०० वॅट-अवर. २० वॅटचा पंखा आठ तास, १६०. ५ वॅटचे चार दिवे चार तास, ८०. फोन आणि पंप मिळून ५०. म्हणजे ७०० च्या आत-बाहेर. २०० वॅटचं पॅनल छतावर आडवं ठेवून स्वच्छ उन्हात साधारण तेवढंच देतं. झाडाखाली किंवा ढगात चौथा हिस्साही मिळत नाही, म्हणून दोन दिवसांच्या मुक्कामाला गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्जिंगची सोय हवी.
१०० अँपिअर-अवर लिथियम म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातले हजारभर निर्धास्त वापरता येतात. १५० ची ट्युब्युलर अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणजे वापरायला ९०० च. शिवाय ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात हेलकाव्याने ॲसिड सांडते. वजनकाटा म्हणाले ते बरोबर. एसीचं सांगायचं तर एक टनी एसी हजार वॅट ओढतो, ही बॅटरी तासाभरात संपवेल. गगनबावड्याला एसी कशाला हवाय, हे आपलं अवांतर.
जोडणी अशी:
बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज. लांब ठेवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तिला कोणीच वाचवत नाही. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला १२५ अँपिअरचा फ्यूज आणि ३५ चौरस मिलिमीटरची केबल, अंतर दीड मीटरच्या आत.
फ्रीजला लोक घरातली दीड चौरसची वायर टाकतात आणि मग फ्रीज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो. हिशोब बघा: ५ मीटर अंतर, जाऊन-येऊन १० मीटर, १० अँपिअर. दीड चौरसमध्ये १.१७ व्होल्ट पडतात, अडीचमध्ये ०.७, चारमध्ये ०.४४. चारची टाका. सुटी, बारीक तारांची. एकाच जाड तारेची घरगुती वायर हादऱ्याने टर्मिनलपाशी तुटते.
सोलर कंट्रोलर एमपीपीटी, २० अँपिअरचा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना उलट. लिथियमला १४.४ व्होल्ट, फ्लोट १३.५, इक्वलाइज बंद. पॅनल आणि छतात दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा, पॅनल तापलं की उत्पादन घटतं.
गाडीतून येणारी वायर थेट बॅटरीला नको. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, केबल १६ चौरस, दोन्ही टोकांना ४० चा फ्यूज. लिथियम बॅटरी खाली असताना थेट जोडली तर जेवढं मिळेल तेवढं ओढते आणि अल्टरनेटर भाजतो.

नवखा_०९
मागचे दिवे विचित्र वागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो.

बारा_व्होल्ट
अर्थिंग गेलंय. ट्रेलरच्या दिव्यांच्या तक्रारी बहुतेक तिथेच मिटतात. गोळ्यातून अर्थ मिळतो म्हणून कोणी वेगळी वायर टाकत नाही, आणि गोळ्यावर ग्रीस असतं. सात पिनांच्या सॉकेटात ३ नंबरची पांढरी म्हणजे अर्थ, ती अडीच चौरसची करून चासीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी बोल्टने बांधा. बाकी: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. नव्या गाडीच्या वायरला टॅप मारू नका, टोइंगचा रिले मॉड्यूल लावा.
होमस्टेवर २३० व्होल्ट घेणार असाल तर ट्रेलरमध्ये शिरताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). आधी टेस्टरने तिथलं अर्थिंग तपासा. रीळाची केबल असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल भाराने वितळते.

सह्यवेडी
गॅस आणि पाणी पटकन. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो. टाकीचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं किमान १०० चौरस सेंटिमीटरचं भोक. टाकी उभी, पट्ट्याने बांधलेली, चालताना रेग्युलेटर बंद. नळी नारिंगी सुरक्षा पाइप, पाच वर्षांनी बदलायची, छापलेली तारीख बघा. सांध्यांना साबणाचा फेस लावून तपासा. आपले रेग्युलेटर ३० मिलिबारचे. जुनी जर्मन शेगडी बसवलेली असेल तर ती ५० ची असू शकते, पाटी वाचा. आणि खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी थंडीत कधीच नाही.
टाकी धुवायला: ६० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ६० मिलिलिटर. नळ उघडून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने दोनदा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नको, तिचा चुना पंपाच्या झडपेत बसतो. पंपाआधी जाळी लावाच. सांडपाण्याला खाली वेगळी टाकी ठेवा, झऱ्याकाठी मोकळं सोडू नका.

तिकटी
वाखूसा (वाचनखूण साठवली). घाटांबद्दल: भुईबावडा अरुंद आहे, पहिल्यांदा नको. फोंडा त्या मानाने सोपा. निघण्याआधी दरड पडून रस्ता बंद आहे का ते विचारा, ट्रेलर घेऊन मधूनच मागे वळता येत नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता तोच. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक असेल तर इंजिन ब्रेकिंगमध्येही ट्रेलर गाडीला ढकलतो आणि त्याचे ब्रेक लागत राहतात, म्हणून अर्ध्या घाटात थांबून ड्रम तपासा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही.
गळीत हंगामात रात्री हायवे सोडून आतल्या रस्त्याला जाऊ नका. विनादिव्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात.
सड्यावर मुक्काम असेल तर जांभ्यात खुंटी जात नाही, ताडपत्रीला वाळूच्या पिशव्या न्या.

नवखा_०९
बेरीज करून एसी आणि ट्युब्युलर कापली. हब या रविवारी, सिलिकॉन पुढच्या. जून ते सप्टेंबर ट्रेलर घराशेजारी उभा राहील, वर निळी ताडपत्री टाकून बांधून ठेवू का?

सह्यवेडी
घट्ट बांधू नका. आत घाम धरतो आणि वाऱ्याने ताडपत्री घासून रंग उडवते. वर पत्र्याची तिरपी शेड, बाजू मोकळ्या. दांड्याकडची बाजू थोडी वर, म्हणजे छतावरचं पाणी मागे निथळतं. झरोके बोटभर उघडे, जाळी लावलेली. गाद्या काढून घरात. उंदरांसाठी वायरच्या भोकांत स्टीलची घासणी कोंबा. लिथियम ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा आणि मुख्य स्विच बंद.

छन्नी_हातोडा
हँडब्रेक ओढून ठेवू नका. चार महिन्यांत लायनर ड्रमला चिकटतो आणि दिवाळीला ट्रेलर ओढला की लायनर पट्टीपासनं उचकटतो. फक्त उटी. आणि महिन्यातून एकदा चाकं अर्धा फेरा फिरवा.

नवखा_०९
उटी लाकडाची चालेल ना?

छन्नी_हातोडा
बाभळीची चालते. सागवानाची करू नका, शेजारचा उचलून न्यायचा.